१५० लिटरच्या रीफ टाकीसाठी लाइव्ह रॉक: कुठला घ्यावा आणि कसा तयार करावा?

चिंबोरी_पुणे | २ जुलै, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. आठ वर्षं गोड्या पाण्याची टाकी सांभाळल्यावर (त्यातली चार वनस्पतींची) आता खाऱ्या पाण्यात, म्हणजे प्रवाळांच्या (रीफ) टाकीत उडी मारतोय. टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंमी, वाळू-दगड वजा जाता साधारण १५० लिटर पाणी. आरओडीआय (पाणी शुद्ध करणारं यंत्र), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारा), दोन पॉवरहेड (पाणी फिरवणारे पंप), हीटर घरी आलेत. बायको म्हणते एवढ्यात एक मासा तरी आणायचा होता.

अडलंय ते दगडांवर, म्हणजे लाइव्ह रॉकवर (जिवाणू आणि बारीक समुद्री जीव वसलेला सच्छिद्र दगड). तीन पर्याय समोर आहेत.

एक, मुंबईतला एक विक्रेता 'ओरिजिनल लाइव्ह रॉक, अंदमानचा' म्हणून किलोवर देतोय. फोटोत मस्त जांभळे दिसतात. बिल देत नाही.

दोन, कोरडे पांढरे कृत्रिम दगड. बिल मिळेल, पण दिसायला अगदी प्लास्टरचे ढेकळ.

तीन, माझे मामा मालवणला असतात. म्हणाले, ओहोटीला दोन पोती भरून आणतो, एसटीत टाकून देतो.

माझा कल अर्थातच मामांकडे आहे. काय करू?

खारवलेला | २ जुलै, रात्री ११:४२

मामांना आत्ताच्या आत्ता फोन करा आणि थांबवा. झोपले असतील तर उठवा.

गंमत नाही. ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेने रीफ बांधणारी सगळी प्रवाळं म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, शिवाय काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत गेले. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. आणि 'ते तर मेलेलं आहे हो' ही सबब चालत नाही, कारण कायदा नुसत्या जिवंत प्राण्यापुरता नाही, त्याच्या अवशेषांनाही लागतो. लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा जुन्या प्रवाळाचा सांगाडाच. मामा पोतं घेऊन स्टँडवर उभे आणि शेजारी वनखात्याची माणसं, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

पहिल्या पर्यायाचंही तेच. बिल का देत नाही, याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: 'अंदमानचा'.

म्हणजे उरला दुसरा. तो वाईट नाही, उलट मी आता मुद्दाम तोच घेतो. सविस्तर उद्या लिहितो, सकाळी लवकर उठायचंय.

मालवणी_खाजा | ३ जुलै, सकाळी ७:०५

मी मालवणचाच. वर लिहिलंय त्यात एवढीच भर की इथलं प्रवाळ काही अथांग पसरलेलं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांच्या आडोशाने तुकड्यातुकड्यांत आहे. पावसात गाळ येतो, पाणी गढूळ होतं, त्यातून जे तगलंय ते तगलंय. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे. आमच्याकडची पोरं पर्यटकांना तेच प्रवाळ दाखवून पोट भरतात. दोन पोती म्हणजे तुम्हाला थोडी वाटतात, पण खाली डोकं घालून बघितलं तर एका कोपऱ्यातला अख्खा संसार उचलल्यासारखं होतं.

मामांना म्हणावं, पोती नकोत, सुकी सुरमई पाठवा.

चिंबोरी_पुणे | ३ जुलै, सकाळी ९:२०

मामांना फोन केला. त्यांनी आधी मला दोन शब्द ऐकवले ('तूच तर म्हणालास!') आणि मग सुकटीचं विचारलं.

आता प्रश्न असा की कोरडाच दगड घ्यायचा तर त्याला लाइव्ह कशाला म्हणायचं? आणि त्यात जीव येणार कुठून?

जुनी_टाकी | ३ जुलै, दुपारी ४:१५

हा प्रश्न विचारलात ते बरं केलं. नव्या मंडळींना वाटतं लाइव्ह रॉक म्हणजे सजावट. सजावट नव्हे, ते टाकीचं फिल्टर आहे.

१९६१ साली जकार्ताचे ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापली. समुद्रातले जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे, बस्स. त्या काळात खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे पांढरेशुभ्र धुतलेले सांगाडे आणि वाळूखालचा फिल्टर अशी समजूत होती, त्यामुळे ते वाचून बऱ्याच जणांनी भुवया उंचावल्या. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी भरपूर खडक आणि दणकट स्किमर यांची जोडी जमवली. त्याला अजून बर्लिन पद्धतच म्हणतात, आणि तुमच्या यादीत स्किमर आहे म्हणजे तुम्हीही त्याच घराण्याचे.

काम कसं चालतं बघा. माशाची घाण, उरलेलं खाणं, त्यातून अमोनिया. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. या दोघांना ऑक्सिजन लागतो, म्हणून ते बाहेरच्या थरात. दगड सच्छिद्र असेल तर आतल्या बारीक पोकळ्यांत ऑक्सिजन पोचेपर्यंत संपलेला असतो. तिथे तिसऱ्याच जातीचे जिवाणू राहतात. त्यांना श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून ते नायट्रेटमधला ओरबाडून घेतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. तो बुडबुड्यातून हवेत जातो. म्हणजे एकाच दगडाच्या ओसरीवर एक गिऱ्हाईक आणि माजघरात दुसरं.

आता तुमचं उत्तर. हे जिवाणू काही अंदमानची मक्तेदारी नाहीत. ते बाटलीतून येतात, चांगल्या टाकीतल्या मूठभर वाळूतून येतात. समुद्रातल्या दगडावर ते आधीच बसलेले असतात, सोबत गुलाबी कोरलाइन शेवाळ, बारीक कोळंब्या, स्पंज, किडे. कोरड्या दगडावर ते सगळं तुम्हाला बसवावं लागतं. फरक वेळेचा आहे. दगडाला लाइव्ह हे विशेषण दुकानात लावतात, खरं तर ते टाकीत सहा महिन्यांनी लावायला हवं.

टोमणेमास्तर | ३ जुलै, सायं. ६:३०

थोडक्यात, पुण्यात दगडाला पाझर फुटायला सहा महिने लागतात. माणसांना जास्त.

टँपाची_सून | ४ जुलै, पहाटे ५:५०

मी मूळची चिपळूणची, गेली नऊ वर्षं फ्लोरिडात. दुसरी बाजू सांगते, कारण इथे खरा ओला लाइव्ह रॉक कायदेशीर मिळतो.

इथेही समुद्रातून नैसर्गिक खडक उचलणं १९९० च्या दशकातच बंद झालं. आता लोक सरकारकडून समुद्रतळाचा तुकडा भाड्याने घेतात, तिथे जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड नेऊन टाकतात आणि एक-दोन वर्षांनी काढतात. एका अर्थी शेतीच. (फिजीनेही २०१८ च्या सुरुवातीला प्रवाळ आणि खडकांची निर्यात थांबवली. त्याआधी जगभरच्या टाक्यांत तिथलेच दगड असायचे.)

मी हौसेने १५ किलो मागवला. खोकं उघडलं आणि घरभर कुजक्या अंड्यांचा वास. प्रवासात स्पंज आणि किडे मरतात, ते सडतात. म्हणून ओला दगड थेट टाकीत कधीच टाकायचा नाही. मोठ्या ड्रममध्ये खारं पाणी, आत हीटर आणि पॉवरहेड, वर झाकण, दिवा नाही. पांढरं, काळं, बुळबुळीत जे दिसेल ते टूथब्रशने घासून काढायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. माझ्याकडे पाच आठवडे लागले. खूण सोपी आहे: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नाक खुपसलं तर फक्त समुद्राचा वास.

आणि पाहुणे. केसाळ किडे आले, ते चांगलेच असतात, पण उघड्या हाताने धरू नका, काटे दोन दिवस टोचतात. एक केसाळ काळा खेकडा आला, त्याला बाहेर काढला. आणि रात्री दोन वाजता टाकीतून टक्, टक् असा आवाज. नवरा म्हणाला काच तडकली. काच नव्हे, मँटिस श्रिंप, कोळंबीच्या नात्यातला शिकारी! त्या दगडावर सोडा वॉटर ओतल्यावर तो भोकातून बाहेर आला, बोटाएवढा. आता त्याची वेगळी छोटी टाकी आहे, आणि नवऱ्याचा तोच लाडका.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. कुठलाही दगड उकळू नका, ओव्हनमध्ये घालू नका, गरम पाणी ओतू नका. काही दगडांवर पॅलिथोआ जातीची बटणासारखी फुलं (खरं तर प्राणीच) असतात. त्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं आणि ते वाफेबरोबर घरभर जातं. अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात भरती झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे 'उकळून घ्या म्हणजे निर्जंतुक' ही सवय हाडात आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. वापरलेल्या टाकीतला जुना दगड घेणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त लागू.

चिंबोरी_पुणे | ४ जुलै, सकाळी १०:००

बाप रे. आई कालच म्हणत होती कुकरला दोन शिट्ट्या काढ म्हणून. वाचून दाखवलं.

देवरुखचा_बंड्या | ४ जुलै, सकाळी ११:१५

येडपट प्रश्न असेल तर माफ करा. आमच्याकडे जांभा दगड आहे. छिद्रंच छिद्रं. अंगणात ढीग पडलाय. तो चालेल का? आणि नदीतले गोटे?

खारवलेला | ४ जुलै, रात्री १०:३०

येडपट अजिबात नाही, मी स्वतः हे करून बघितलंय.

नदीतले गोटे आणि सह्याद्रीतला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. जड आणि घट्ट. जिवाणू बसतील ते फक्त वरच्या कातडीवर, आत माजघर नाही. २० किलो घालून पाच किलोचं काम.

जांभा सच्छिद्र आहे हे खरं, पण तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा. मी बादलीत खाऱ्या पाण्यात ठेवला होता. पॉवरहेडसमोर त्याची लाल भुकटी सुटत राहिली, महिनाभराने बोटाने कोपरा तुटला. वरच्या दगडासकट तो ढासळला तर तळाची काच जाईल. अंगणात पायऱ्या करा त्याच्या.

घरच्या घरी परीक्षा अशी. दगडावर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे निदान कुळी बरोबर. जांभा आणि बेसॉल्ट ढिम्म हलत नाहीत. मुंबईच्या जुन्या इमारतींना वापरलेला पोरबंदर दगड मात्र फसफसतो, तो चुनखडीच. पण त्याची धूळ फार आणि इमारतीच्या तुकड्यावर रंग, चुना, सिमेंट काय काय बसलेलं असतं ते कळत नाही. नकोच.

चिंबोरी, तुम्ही दगड निवडताना एवढं बघा. उचलल्यावर आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. पाण्यात बुडवल्यावर बराच वेळ बुडबुडे सोडला पाहिजे. जांभळा रंग असेल तर विक्रेत्याने तो रंगच आहे असं सरळ सांगितलं पाहिजे, कारण कोरड्या दगडावर कोरलाइन जांभळं राहत नाही, मेल्यावर पांढरं पडतं. आणि पृष्ठभागावर ताऱ्यासारख्या खळ्यांची नक्षी दिसली तर तो प्रवाळाचा सांगाडा आहे, बिल असो वा नसो, हात लावू नका.

किती घ्यायचा? जुन्या पुस्तकी हिशेबाने लिटरला १२० ग्रॅम, म्हणजे तुम्हाला १८ किलो. तो हिशेब जड दगडांचा. हलका सच्छिद्र असेल तर १० ते १२ किलो पुरे, माशांना पोहायलाही जागा हवी ना.

कालवंवाली | ५ जुलै, दुपारी १:४०

आम्ही तर घरीच केले! रत्नागिरीला सासर, कालवांच्या शिंपल्यांना तोटा नाही. (खाऊन उरलेले शिंपले, बरं का. किनाऱ्यावरून दिसेल ते उचलू नका, काही शंख-शिंपलेही त्याच कायद्यात आहेत.)

पांढरं सिमेंट एक वाटी, कुटलेले शिंपले तीन ते चार वाट्या, खडेमीठ एक वाटी. पाणी अगदी बेताचं, थालीपिठाच्या पिठापेक्षा घट्ट. ओल्या वाळूत खड्डा करायचा, त्यात हे थापायचं, मध्ये बोटं खुपसून भोकं पाडायची आणि वरून ओलं गोणपाट. दोन दिवसांनी काढायचं. मीठ पाण्यात विरघळतं, त्याच्या जागी पोकळ्या राहतात.

ताप पुढे आहे. ताज्या सिमेंटमुळे पाण्याचा पीएच पार वर जातो. साध्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. मला आठ आठवडे लागले. नव्या पाण्यात दोन दिवस ठेवूनही पीएच साडेआठच्या आत राहिला, तेव्हाच टाकीत. घाई केलीत तर मासे भाजतील.

दिसायला? खरं सांगू, पहिले चार तुकडे शेणाच्या गोवऱ्या वाटत होत्या. दीर अजून चिडवतो. पण आता दोन वर्षांनी त्यावर एवढं गुलाबी चढलंय की कुठला घरचा आणि कुठला विकतचा ते मलाही सांगता येत नाही.

टोमणेमास्तर | ५ जुलै, दुपारी २:०५

दिरांना टाकीत सोडून बघा, तेही गुलाबी होतील.

चिंबोरी_पुणे | ९ जुलै, रात्री ९:४५

कृत्रिम दगड घेतले, ११ किलो, बिलासकट. हलके आहेत आणि बादलीत टाकल्यावर पाऊण तास फुसफुसत होते. आता पुढचं सांगा. सोबत एका ओळखीच्यांनी बंद केलेल्या टाकीतले चार किलो कोरडे जुने तुकडेही दिलेत, तेही कृत्रिमच. त्यावर वाळलेलं शेवाळ आहे.

खारवलेला | १० जुलै, रात्री ११:००

नव्यांचं काम थोडं. नळाखाली धुवा, धूळ जाऊ द्या, मग आरओडीआय पाण्यात आठवडाभर पॉवरहेड लावून ठेवा आणि शेवटी फॉस्फेट मोजा. वाढत नसेल तर झालं.

जुन्यांना ब्लीच. कपड्यांचं साधं, सुगंध आणि फेस नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. बाल्कनीत, हातमोजे घालून, एक ते दोन दिवस. वाळलेलं सगळं विरघळून निघतं. मग धुवायचं, आणि पाण्यात हायपो. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना माहीत असेल, सोडियम थायोसल्फेटचे खडे. माशांच्या दुकानात क्लोरीन घालवायला तेच देतात. त्यात दिवसभर ठेवा, मग कडक उन्हात वाळवा. जुलैत पुण्यात ऊन कुठलं म्हणा! पंख्याखाली वाळवा. क्लोरीनचा वास शून्य होईपर्यंत थांबा.

काही जण ॲसिडमध्ये बुडवायला सांगतील. फॉस्फेट खाल्लेला वरचा थर त्याने निघतो हे खरं, पण फ्लॅटमध्ये ते उद्योग नकोत. आणि ब्लीचच्या बादलीत ॲसिड चुकूनही नको, क्लोरीन वायू सुटतो, फुप्फुसं जातात.

जुन्या दगडांचा खरा त्रास फॉस्फेटचाच. वर्षानुवर्षं पाण्यातून शोषलेलं ते मुरलेलं असतं आणि नव्या टाकीत महिनोन् महिने झिरपत राहतं. मोजून बघा. वाढतच राहिलं तर त्या चार किलोंना रामराम करा, फुकट मिळालेत म्हणून ठेवू नका. मी ठेवले होते, दीड वर्ष केसाळ शेवाळ उपटत बसलो होतो.

जुनी_टाकी | ११ जुलै, सकाळी ८:३०

आता जिवाणू बसवायचं. पाणी २५-२६ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) शुद्ध पाण्यावर शून्य करून विसंबू नका, हजारात ३५ भाग खारेपणाच्या प्रमाणित द्रावणावर तपासा. दिवे बंद.

जिवाणूंना खायला अमोनिया लागतो. पूर्वी लोक बाजारातली एक कोळंबी टाकून सडू द्यायचे. चालतं, पण किती अमोनिया झाला ते कळत नाही आणि घरचे टाकीसकट तुम्हाला बाहेर काढतात. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड वापरा. हा म्हणजे नवसागर हो, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकायचा तोच. मात्र बोहारआळीतला नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध घ्या. १५० लिटरला एक ग्रॅम घातला की अमोनिया साधारण दोन पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) होतो. सोबत बाटलीतले जिवाणू.

दोनच्या वर नेऊ नका. जास्त दिलं की लवकर होतं असं नाही, उलट नायट्राइटचा गठ्ठा साचून काम अडतं. पहिले काही दिवस काहीच हलत नाही. मग अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, आणि एक दिवस तेही धप्पकन पडतं. एक ग्रॅम घातल्यावर २४ तासांत दोन्ही शून्य झाले की समजा दगड कामाला लागला. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणा आणि एकच मासा सोडा.

चिंबोरी_पुणे | २७ जुलै, रात्री १०:२०

जुने चार किलो बाद. आठवड्यात दोनदा पाणी बदललं तरी फॉस्फेट चढतच होतं. नवे दगड रचायला घेतले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टाकीच्या तळाएवढा चौकोन आखला आणि रचत बसलो. भाची आली आणि म्हणाली, 'मामा, दिवाळी लवकर आली का? किल्ला करतोयस?' मग तिनेच अर्धा रचला. फोटो टाकलाय. मागच्या काचेला टेकवून सलग तटबंदी केलीय.

कालवंवाली | २७ जुलै, रात्री १०:५०

किल्ला मस्त, पण तटबंदी मोडा. मागे पाणी फिरत नाही, घाण साठते. तटाऐवजी दोन बुरूज करा आणि मध्ये खिंड. काचेपासून चारी बाजूंनी किमान वीतभराच्या अर्धं अंतर, नाहीतर काच पुसायचं चुंबक अडकतं. सगळ्यात वरचा दगड पाण्याच्या दोन तृतीयांश उंचीवर थांबवा, प्रवाळ वाढायला डोक्यावर जागा हवी.

खारवलेला | २८ जुलै, सकाळी ७:४०

+१. आणि दगड आधी तळाच्या काचेवर, वाळू नंतर. उलटं केलंत तर वाळू खणणारा गोबी मासा खालची वाळू काढतो आणि रात्री बुरूज कोसळतो. सांध्यांना सायनोॲक्रिलेट जेल (सुपरग्लू) आणि वरून एपॉक्सी पुट्टी. जोडून झाल्यावर हलवून बघा. तुमच्या भाचीला हलवायला सांगा, ती खरी परीक्षा.

चिंबोरी_पुणे | ४ सप्टेंबर, रात्री ९:००

३० जुलैला पहिला ग्रॅम. नऊ दिवस काहीच नाही. रोज टेस्ट किट घेऊन बसायचो. आई म्हणाली, 'दगडांना पाणी घालणारा पहिलाच बघितला.' एकोणिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, तिसाव्या दिवशी नायट्राइट शून्य. काल परत एक ग्रॅम घालून तपासलं, २४ तासांत दोन्ही साफ. दिवे लावू?

जुनी_टाकी | ५ सप्टेंबर, सकाळी ८:००

लावा, पण दिवसाला चार-पाच तासच. आणि मन घट्ट करा, आता सगळं कुरूप होणार आहे.

चिंबोरी_पुणे | १२ ऑक्टोबर, रात्री ११:३०

झालं. आधी सगळ्यावर चहाच्या गाळासारखी तपकिरी साय आली, ती दोन गोगलगायींनी खाल्ली. हुरूप आला म्हणून मी फॉस्फेट काढणारी पिशवी लावली, पाणी बदललं, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलं. आता दगडांवर शेंबडासारखे धागे आहेत, त्यात बुडबुडे. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. एक गोगलगाय मेली. मासा (एकच ऑसेलारिस क्लाउन, नाव बंड्या, देवरुखच्या बंड्यांनी राग मानू नये) ठीक आहे.

खारवलेला | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५०

डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे धाग्यांसारखे साचणारे एकपेशीय जीव. शून्य आणलंत तिथेच चुकलं, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. नव्या कोरड्या दगडावर वसाहत अजून पातळ. त्यात खाणंच काढून घेतलं की बाकीचे उपाशी मरतात आणि हे भामटे रिकामी जागा बळकावतात. काही जाती विषारी असतात, गोगलगाय त्यानेच गेली असणार.

पिशवी काढा. माशाला थोडं जास्त खायला द्या. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास राहू द्या. धागे रोज नळीने ओढून काढा, पण ते पाणी बारीक कापडातून गाळून परत टाकीतच घाला. म्हणजे एवढ्यात मोठा पाणीबदल नको. आणि ज्यांची टाकी निरोगी आहे अशा कुणाकडून एक वाटी वाळू आणा. ती तुमच्या ११ किलो दगडांपेक्षा जास्त जिवंत असेल.

कालवंवाली | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

पुढच्या शनिवारी पुण्यात येतेय, कोथरूडला नणंदेकडे. वाळू आणि दगडाचा एक छोटा तुकडा डब्यात घालून आणते. पाण्यात बुडवून, गाडीत एसी लावून. नणंदेला सांगणार नाही डब्यात काय आहे.

टोमणेमास्तर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

नणंदेने फराळाचा डबा समजून उघडला तर धागा पुढे चालू ठेवा.

चिंबोरी_पुणे | २१ डिसेंबर, रात्री १०:१५

वाळू आणि गोवरी (त्यांचाच शब्द) दोन्ही पोचली होती, नणंदेच्या तावडीतून सुटून. धागे तीन आठवड्यांत विरळ झाले आणि नोव्हेंबरच्या शेवटी गेले. काल टॉर्च मारून बघितलं तर उजव्या बुरुजाच्या सावलीत गुलाबी ठिपके, मोजून सात. आणि रात्री काचेवर जिऱ्याएवढ्या पांढऱ्या किड्यांची धावपळ. हे मी कुठून विकत आणलेले नाहीत!

एकच शंका. खिंडीत एक पारदर्शक तपकिरी झाडासारखं काहीतरी उगवलंय, बोट नेलं की आत ओढून घेतं. सुंदर आहे. ठेवू ना?

टँपाची_सून | २२ डिसेंबर, पहाटे ६:२०

नको!! ती एप्टेशिया, टाकीत तणासारखं माजणारं समुद्रफूल. एकीच्या वर्षभरात शंभर होतात आणि शेजारच्या प्रवाळांना डंख मारतात. कापू नका, चिमट्याने उपटूही नका, राहिलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवी येते. पॉवरहेड बंद करा, विरलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) आरओ पाण्यात घट्ट कालवा आणि सुई नसलेल्या सिरिंजने थेट तिच्या तोंडावर थोडासाच सोडा. हळू, नाहीतर आत पळेल. दहा मिनिटांनी पॉवरहेड चालू.

कालवंवाली | २२ डिसेंबर, सकाळी ८:४५

अय्या, ती माझ्याकडूनच आली असणार. सॉरी हो. आता मी माझ्या टाकीत टॉर्च घेऊन शोधतेय.